श्रावणातला ताणा

श्रावणात गल्लीत ताणा लावणारी बाई एक तर वेडी, नाहीतर माझ्यासारखी. मी विणकराची लेक, विणकराचीच सून. शाळा चौथीपर्यंतही धड नाही, पण सूत मला फसवत नाही. आभाळ फसवतं. म्हणून नागपूरच्या आमच्या महाल वस्तीत पावसाळाभर कोणी पांजण करत नसे. पांजण म्हणजे साडीचं उभं सूत, तोच ताणा, रस्त्यावर लांबच लांब ताणायचं, त्याला भाताच्या पेजेची खळ लावायची आणि कुंचा मारत वाळवायचं. ओल्या खळीवर पाऊस पडला की सुताचा नुसता बोळा.

यंदा घाई होती. माझी नात काजल हवामान शिकते. दसऱ्याआधी पुण्यात मोठमोठ्या लोकांसमोर तिला आपला अभ्यास वाचून दाखवायचा होता आणि पोट्टीनं हट्टच धरला, साडी नेसीन तं आजीच्या मागावरची. माग चार वर्षांपासून बंद. बारीक सूत घरात एकाच साडीपुरतं; तसं आता कुठे मिळत नाही. विणायला महिना हवा. म्हणजे पांजण श्रावणातच.

"पाऊस थांबन काय वं?" मी विचारलं.

"थांबन आजी, हा महिना कोरडाच दिसते. यंदा अल निनो आहे. पार दक्षिण अमेरिकेपाशी समुद्र तापला."

"तिकडं पाणी तापलं तं आपल्या नागपुरात काहून पाऊस कमी?"

तिनं कोऱ्या ताण्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं घेऊन मागच्या दारापर्यंत गेली आणि हात सैल सोडला.

"मी इथं ढील दिली. झोळ कुठं पडला?"

"मधात."

"तसंच. एरवी वारे त्या समुद्रावर ताणून असतात. तिकडचं पाणी तापलं का ते ढिले पडतात, ढगांची जागा सरकते, अन् झोळ आपल्या पावसात पडते. पण दर वेळी नाई. आपल्या हिंद महासागराच्या हातातही एक टोक आहे. तो कधी कधी ताण सांभाळून घेते."

मला एका झटक्यात पटलं. टोक ढिलं सोडतो म्हणून मी नवऱ्याला चाळीस वर्षं शिव्या घातल्या होत्या. समुद्रही त्याच्याच जातकुळीचा निघाला.

चक्कीवर दळण टाकताना मी सगळ्यांना सांगून टाकलं, "मंगळवारी पांजण. पाऊस येत नाही, माझ्या नातीनं सांगितलं."

शेजारची तुळजाबाई हसली. "बाप्पा! तुझ्या नातीनं समुद्र पाहिला तरी आहे काय वं?"

"तू तुझ्या सुनेचं मन कुठं पाहिलं? तरी रोज चक्कीवर सांगतेच ना!"

सोमवारी हे काजलच्या कानावर गेलं आणि तिचा चेहरा उतरला. "आजी, मी महिन्याचं सांगितलं होतं वं! मंगळवारचं नाई!"

"महिना कोरडा, तं त्यातला मंगळवार ओला कसा होईन?"

"भात शिजला तरी एखादं शीत कच्चं राहतेच ना? उद्या शिडकावा येऊ शकते. पुढं ढकल."

ढकलायचं? सगळ्या चक्कीला सांगून झाल्यावर? मी रात्रीच पेज शिजवून ठेवली.

मंगळवारी उजाडताच आमच्या पायरीपासून नत्थूच्या ओट्यापर्यंत ताणा लागला. नत्थू जुना विणकर, आता दुकानावर बसतो. पण खळीचा वास आला आणि कुठूनसा आपला कुंचा शोधून घेऊन आला. गाड्यावाले पोट्टे मुकाट्यानं बाजूच्या गल्लीतून जात होते. ऊन छान पडलं होतं. अर्धं सूत वाळलं आणि सक्करदऱ्याकडून एक काळा ढग निघाला.

काजल त्याच्याकडे पाहत राहिली. "एकटाच आहे आजी. जास्तीत जास्त पंधरा-वीस मिनिटं."

बोळा व्हायला तेवढी पुरेत. पहिला थेंब माझ्या हातावर पडला. जन्मात कोणाला हाक न मारणारी मी ओरडले, "धावा गा कोणी!"

सगळ्यात आधी कोण आलं? तुळजाबाई. उन्हाळा संपल्यावर कूलरवर झाकलेली ताडपत्री ओढतच घेऊन आली. ते पाहून घरोघरच्या कूलरांची पांघरुणं निघाली. बाया, बाप्ये, पोरं दोन्ही बाजूंना हात वर करून उभी राहिली आणि आमच्या पायरीपासून नत्थूच्या ओट्यापर्यंत एकच लांब छप्पर झालं. त्याखाली मी आणि नत्थू वाकून कुंचा मारत होतो.

"यमुताई," तुळजाबाई वरून म्हणाली, "तुझा समुद्र माझ्या मानेवर गळून राहिला!"

"गळू दे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गप्प उभी आहेस!"

सगळी गल्ली हसली. छप्पर असं हललं की काजल किंचाळली, "हसू नका, धरा!" त्यावर तर अजूनच हसले.

अकराव्या मिनिटाला ऊन आलं. दुपारपर्यंत ताणा खडखडीत वाळला. एका काठाचे थोडे धागे चिकटले होते, ते मी बोटांनी सोडवले.

त्यानंतर सतरा दिवस थेंब नाही. मागाच्या खटखटीनं नत्थूचं दुकानात लक्ष लागेना. काजल साडी नेसून पुण्याला गेली, आणि तिथल्या मोठ्या पडद्यावर तिनं पहिलं चित्र दाखवलं ते आमच्या गल्लीचं, ताडपत्र्या डोक्यावर धरलेलं. सगळ्यात पुढे तुळजाबाई, तोंड उघडं.

परवा तीच तुळजाबाई दारात आली. "काजल, सांडगे घालायचे आहेत वं. कोणत्या दिवशी घालू?"

काजल तोंड उघडणार, एवढ्यात मीच म्हटलं, "तिले महिना विचार, दिवस नको विचारू. अन् ताडपत्री हाताशी ठेव."