आबांच्या ताटातला भेजा

आबा बसत नव्हते, आणि त्यामुळे आमच्या घरात कुणीच बसत नव्हतं. बुलढाण्यातल्या माझ्या दोन खोल्यांत माझे वडील सकाळपासून येरझाऱ्या घालायचे आणि जरा नजर चुकली की थेट एसटी स्टँड गाठायचे. आमच्या गावाची, पिंपळगाव राजाची गाडी लागली का, असं कंडक्टरला विचारायचे. गाडी लागेपर्यंत कुठं जायचं तेच विसरायचे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, पण माझा निम्मा जीव स्टँडवर. डोकं सटकायचं माझं. ओरडायचो त्यांच्यावर, मग रात्रभर स्वतःवर.

"निवरती," एकदा माय तूर निवडता निवडता म्हणाली, "तू येवढा शिकला. हे काऊन विसरून राह्यले, सांग ना."

सत्याहत्तर साल होतं. मुंबईच्या मित्रानं टाऊ नावाच्या प्रथिनावरचा नवा लेख पाठवला होता, तो डोक्यात ताजा होता. माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, मेंदूतल्या मज्जापेशीला लांबच लांब शेपूट असतं, त्यात बारीक नळ्या असतात. पेशीचा माल त्यांच्यावरून या टोकाचा त्या टोकाला जातो. तिच्याच तुरीचे दाणे एकाला एक लावून मी नळी करून दाखवली. हे दाणे सारखे सुटतात, पुन्हा जुळतात. टाऊ बाहेरून चिकटतो आणि त्यांना धरून ठेवतो. टाऊ काढून घेतला तर नळ्या जुळत नाहीत. परत घातला की उभ्या राहतात.

"हा टाऊ कायच्यातून काढते?"

"बकऱ्याच्या मेंदूतून."

खरं म्हणजे डुकराच्या. पण माळकरी बाईपुढं ते नाव घ्यायला जीभ रेटेना. हे सगळं प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत घडतं, आबांच्या दुखण्याशी त्याचा संबंध आहे की नाही ते कुणालाच ठाऊक नाही, हेही मी सांगितलं होतं. ते तिनं ऐकलंच नाही.

आठवड्यानं दुपारी घरी आलो तर दारातच मसाल्याचा वास. चाळीस वर्षांत आमच्याकडं साधं अंडं फुटलं नव्हतं. आणि आबा पाटावर बसले होते, चक्क बसले होते, भाकरी चुरून बोटं चाटत होते. ताटात भेजा होता. देव्हाऱ्यात तुळशीच्या दोन माळा काढून ठेवलेल्या होत्या, एक आबांची, एक मायची.

"तुझी काऊन काढली?"

"माळ घालून कसं रांधू, बापू? त्यायचं पापबी माह्याच माथी येऊ दे. चार रोज झाले. शेजारची गीताबाई आणून देते." मग तिचा चेहरा उजळला. "काल मले वच्छला म्हनून हाक मारली त्यायनं. सहा महिन्यानं!"

मला तिचा राग आला, त्याहून जास्त माझा. चुलीपासून दारापर्यंत मी आबांसारखाच फिरू लागलो. गप्प राहावं, तर ती रोज हा भेजा रांधणार, रोज त्या हाकेची वाट बघणार. सांगावं, तर माळ गेली ती फुकट गेली. शेवटी बोललोच.

"माय, पोटात गेलं की ते पचून जातं. डाळीसारखंच. मेंदूपर्यंत पोचत नाही. आणि टाऊ बकऱ्याच्या मेंदूतून काढतच नाहीत, डुकराच्या मेंदूतून काढतात. मी खोटं बोललो."

"मंग हाक मारली ते?"

"आपसूक आठवलं असेल."

तिनं हातातली पळी पातेल्यात ठेवून दिली. रडली नाही, मला एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"तुनं त्या टाऊचं नाव सांगतलं ना," ती म्हणाली. "नाव ठेवलं हाय म्हनल्यावर मले वाटलं, औषधबी असन."

तेवढ्यात आबांनी रिकामं ताट पुढं केलं आणि परक्याच्या घरी बोलावं तशा अदबीनं मायला म्हणाले, "बाई, लय मस्त रांधता तुमी. तुमचा मालक नशीबवान हाय."

"हाव," माय म्हणाली, आणि उरलेला भेजा तिनं त्यांच्या ताटात वाढला.