टाकीला मिळालेली सूट

म्हैसूरच्या हेब्बाळ भागात दामोदररावांचा लोखंडी पट्ट्यांचा गंज आम्लाने काढून देणारा छोटा कारखाना होता. उरलेलं आम्लाचं पाणी मागच्या टाकीत चुना घालून सौम्य करायचं. काम कमी धोक्याचं, म्हणून त्याला वेगळ्या परवान्यातून सूट मिळाली होती. पाणी तपासूनच सोडायचं, एवढीच अट.

"आज आम्ल तपासायची पट्टी पाण्यात बुडवून पाहिली नाही," नाशिकहून आलेला इंजिनीअर मिलिंद आठवण करून देई.

"सुम्ने, उगाच वेळ कशाला घालवतोस? सूट आहे की आपल्याला," दामोदरराव हसत म्हणत. हळूहळू मिलिंदनेही विचारणं सोडलं.

आयुधपूजेचा दिवस उजाडला. यंत्रं झेंडूत बुडाली होती. धुपाचा धूर कोवळ्या उन्हात तरंगत होता आणि एरवी खडखडणारी शेड झोपल्यासारखी शांत होती. दामोदररावांच्या पत्नी सुमित्राबाई, रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, अनवाणीच मागच्या अंगणात गेल्या. आदल्या संध्याकाळी सोडलेलं पाणी गटाराकाठी साचलं होतं. त्यात आभाळ इतकं निळं उतरलं होतं की, त्या भान हरपून त्यातच उभ्या राहिल्या.

मग तळवे चुरचुरू लागले.

दामोदरराव धावत आले. खाली बसून बायकोचे लाल झालेले पाय नळाखाली धूत राहिले. मिलिंदने साचलेल्या पाण्यात पट्टी बुडवली. ती लालभडक झाली.

"सणाच्या घाईत चुना कमी पडला," तो पुटपुटला.

"अहो, हे गटार कुठं जातं?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"ओढ्याला."

"तिथं म्हशी डुंबतात. त्यांच्या कातडीला कुणी सूट दिलीय? सरकारनं तुमची कागदांची कटकट वाचवली. काळजी तुमच्याकडंच राहिली की. तुम्ही बघाल, असं धरून चाललेत ते."

दामोदररावांनी टाकीची झडप स्वतःच्या हातांनी घट्ट बंद केली. "मिलिंद, आजपासून पट्टी पाहिल्याशिवाय थेंबही सोडायचा नाही. मी सांगितलं तरी नाही."

मग ते ओढ्यावर गेले. हिरव्या पाण्यात म्हशी डोळे मिटून पडल्या होत्या. राखणाऱ्या बाईला त्यांनी कन्नडमधून सगळं खरं सांगितलं. ती एकेक म्हैस बाहेर काढू लागली. दामोदररावही धोतर खोचून पाण्यात उतरले.

वाचकहो, नियमातली सूट म्हणजे आपल्यावर टाकलेला विश्वास. जिथे कुणी तपासायला येत नाही, तिथे आपणच आपलं काम तपासायचं असतं.