डाग द्या, डाग घालवा

पांढऱ्याशुभ्र गालिच्याच्या उजव्या बाजूवर महाराजांनी तीर्थ फवारलं, मग तिथेच पेलाभर कोकम सरबत ओतलं आणि परळच्या त्या मंगल कार्यालयात जमलेल्या शंभरेक माणसांनी एकदम श्वास रोखला. सरबत गालिच्यात मुरलंच नाही. अळवावरच्या पाण्यासारखे लालचुटूक थेंब इकडून तिकडे पळू लागले. महाराजांनी गालिचा जरा तिरका केला, थेंब घरंगळून ताटलीत पडले, आणि गालिचा जसा होता तसा पांढराच्या पांढरा!

"निष्कलंकानंद महाराज की..." माईकवाला चेला चिंतामणी ओरडला.

"जय!"

"आता डावीकडे बघा," महाराज म्हणाले. "या बाजूला तीर्थ फवारलेलं नाही." त्यांनी दुसरा पेला डावीकडे ओतला. सरबत क्षणात आत गेलं आणि पाटाएवढा डाग पसरला. लोकांनी हळहळून "अरेरे" केलं, जणू कोणाला लागलंच होतं.

समोर बसलेली माणसं काही भाबडी भक्तमंडळी नव्हती. गिरगावपासून शीवपर्यंत घरोघरी, ऑफिसांतून गालिचे आणि सोफे धुणारी ही कामाची माणसं. डाग म्हणजे त्यांचा रोजचा वैरी. आणि महाराजांनी तिथेच बरोबर नेम धरला होता.

"डाग कुठून येतो?" महाराजांनी विचारलं. "चहातून? छे! डाग येतो दृष्टीतून. तुमच्या धंद्यावर कोणाचा डोळा असतो, तो डोळा गालिच्यावर उतरतो! गालिच्यावर मारायचा बाजारातला प्रोटेक्टर चहा अडवेल, डोळा कसा अडवणार? तो सहा महिन्यांत उडतो. आमचं तीर्थ जन्मभर राहतं."

"किंमत किती, महाराज?" मागून कोणीतरी विचारलं.

महाराजांनी कानांवर हात ठेवले. "तीर्थाला किंमत नसते, भल्या माणसा. पण डागाचा उतारा डागच. सोन्याचा एक डाग द्या आणि वर्षभराचे कॅन घेऊन जा. डाग द्या, डाग घालवा!"

दागिन्यालाही आपण डागच म्हणतो, तेव्हा हा श्लेष लोकांना भलताच आवडला. टाळ्या पडल्या. मंचासमोर रांग लागली.

त्या रांगेत आमच्या लालबागच्या चाळीतली सीमा उभी होती. रुमालाच्या घडीत तिच्या सासूची पाटली होती. जोडीतली दुसरी पाटली गालिचे धुण्याचं मशीन घेताना गहाण पडली, ती परत आलीच नाही. निघताना मीराबाई, म्हणजे सीमाची सासू, दारात म्हणाल्या होत्या, "ह्यो डाग माझ्या आवशीन माका दिल्लो, गे. घेवन जा. माझ्या झिलाचा काम ऱ्हावंदे."

आवस म्हणजे आई, आणि झील म्हणजे मुलगा, सीमाचा नवरा विनीत. त्याचे वडील ज्या गिरणीत मागावर होते, तिथे आता काचेची इमारत आहे, आणि तिच्या चौदाव्या मजल्यावरच्या ऑफिसचे गालिचे विनीत धुतो. ते एकच मोठं काम. तिथले मॅनेजर हितेंद्र यांनी त्याला सांगून टाकलं होतं, "वर्षभर डाग पडणार नाही अशी लेखी हमी द्या. सोमवारी. नाहीतर काम मोठ्या कंपनीला." काम गेलं की हप्ता थकणार, आणि हप्ता थकला की मशीन उचलून नेणार. विनीत आठवडाभर दोन प्रोटेक्टरचे भाव मांडत बसला होता. एक महाग, दुसरा त्याहून महाग, आणि दोघांपैकी एकावरही 'वर्षभर' असं लिहिलेलं नव्हतं. मग त्याला कोणीतरी महाराजांचं नाव सांगितलं.

मी तिथे गेले ती त्यांच्या लेकीच्या, आकांक्षाच्या आग्रहाने. ही सहावीतली पोर. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून चाळीतल्या मुलांना रविवारी विज्ञान शिकवते, त्यातली ही सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी. तिच्या मांडीवर ऑफिसच्या गालिच्याचा एक सुटा चौकोन होता. विनीतने तो ऑफिसातून नमुना म्हणून आणला होता, महाराजांना दाखवायला.

"बाई," ती माझ्या कानाशी कुजबुजली, "ते सगळ्या खेळांत फक्त उजवीकडेच का फवारतात?"

"मला कशाला विचारतेस? ज्यांनी फवारलं त्यांना विचार."

ती उठली आणि सरळ मंचापाशी गेली. "महाराज, तुम्ही उजवीकडेच का फवारता?"

लोक हसले. महाराजही हसले. "बाळ, उजवी बाजू देवाची."

"मग एकदा डावीकडे फवारा ना. देव रागावणार आहे का?"

आता हशा वेगळ्या बाजूने आला. शीवचे मनमोहन म्हणून एक सोफेवाले होते, ते मोठ्याने म्हणाले, "मारा ना महाराज एक फवारा! पोरीचं मन राखा!"

"संशयाच्या हाताने तीर्थ लागत नाही," महाराज म्हणाले. "बसून घे, बाळ."

"आकांक्षा, गप बस!" सीमा रांगेतून ओरडली. तिचा चेहरा लाल झाला होता. लेकीने भर सभेत आपला शेवटचा आधार हलवावा हे तिला सोसेना. "तुला पुरावा पाहिजे ना? थांब, मी दाखवते. माझ्या मनात काडीचा संशय नाहीये."

कोणी अडवायच्या आत तिने मंचावरची फवाऱ्याची बाटली उचलली आणि गालिच्याच्या डाव्या बाजूच्या कोऱ्या भागावर तीर्थ फवारलं. डोळे मिटून, हात जोडून. मग पेला ओतला.

सरबत आत गेलं.

"कमी पडलं असेल," ती म्हणाली. तिने पुन्हा फवारलं. शेजारच्या जागेवर, खूप फवारलं, पाणी निथळेपर्यंत. पुन्हा ओतलं. पुन्हा डाग. तिने लेकीच्या हातातला ऑफिसचा चौकोन ओढून घेतला, त्याच्या अर्ध्या भागावर बाटली जवळजवळ रिकामी केली आणि पेल्यात उरलेलं सरबत ओतलं. तो चौकोन ते शांतपणे पिऊन गेला.

मागच्या रांगांतले लोक उठून पुढे सरकले.

"ताईंची श्रद्धा कमी पडली!" चिंतामणी माईकवर घाईघाईने म्हणाला.

"श्रद्धा कमी?" सीमा वळली. तिने रुमाल उघडला. "सासूच्या हातातली पाटली उतरवून आणलीये मी. आता अजून किती पाहिजे रे तुला?"

मी मंचावर चढले आणि गालिच्याच्या उजव्या बाजूवर बोट घासलं. बोट मेणचट झालं. डावीकडे घासलं तर बोट कोरडंच. मी ते बोट मनमोहनना दाखवलं, त्यांनी हुंगलं आणि स्वतःही घासून पाहिलं. "च्यायला, मेण!" ते म्हणाले. "बाई, माफ करा. पण हे मेणच आहे."

"मुलांनो," मी म्हणाले, आणि समोर बसलेली बहुतेक मुलं पन्नाशीची होती, "अळवावरचं पाणी का टिकत नाही? अळवाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो आणि बारीक उंचवटे असतात. पाणी पानाला धरूच शकत नाही. या गालिच्याच्या अर्ध्या भागाला घरूनच मेण लावून आणलंय. बाटलीत काय आहे? आत्ताच तीन वेळा पाहिलंत. केवड्याचा वास घातलेलं पाणी! महाराज जिथे फवारत होते, तिथे नुसतं नळाचं पाणी फवारलं असतं, काहीही न फवारता सरबत ओतलं असतं, तरी थेंब असेच पळाले असते."

"करून बघा!" कोणीतरी म्हणालं. मनमोहननी उजवीकडच्या न फवारलेल्या कोपऱ्यावर सरबत ओतलं. थेंब पळाले.

महाराज तोवर मागच्या दाराशी पोचले होते. पण गालिचे उचलणारी माणसं दार अडवणंही जाणतात. ज्यांनी आधी डाग दिले होते त्यांचे डाग महाराजांच्या डब्यातून निघून ज्याच्या त्याच्या हातात पडले, आणि पोलीस येईपर्यंत महाराजांना त्यांच्याच गालिच्यावर बसवून ठेवलं. एक खरं सांगते, तेव्हाही रांगेत दोन बायका उभ्याच होत्या. एक मला म्हणाली, "बाई, कदाचित मेण पण मंत्रलेलं असेल." मला तिचा राग आला नाही. बुडणाऱ्याने काडी धरली म्हणून त्याला हसायचं नसतं.

सभेत मागे उभा राहून सगळं पाहिलेला विनीत आता बाहेर फुटपाथवर भिंतीला टेकून बसला होता. मला वाटलं, तो सुटल्यासारखा दिसेल.

"तुम्ही बरोबर आहात, बाई," तो म्हणाला. "पण उद्या मी हितेंद्रसाहेबांना काय देऊ? ते महाराज खोटे होते हे कळून माझं मशीन वाचतं का?"

"नाही वाचत," मी म्हणाले.

"मग?"

"मग पाटली वाचली. आता मशीनचं बघू. घरी चल."

घरी मीराबाईंनी सुनेच्या हातात पाटली पाहिली आणि चहा ठेवला. आम्ही जमिनीवर बसलो. विनीतजवळ दोन्ही प्रोटेक्टरच्या नमुन्याच्या बाटल्या होत्या. "हा पाच लिटर सहा हजार, हा नऊ," तो म्हणाला. "नऊवाला परवडतच नाही."

"कॅनचा भाव नको सांगू," मी म्हणाले. "एका चौरस फुटाचा सांग. आकांक्षा, बाटलीवर काय लिहिलंय ते वाच."

सहा हजारांचा थेट फवारायचा होता, कॅनमध्ये पाचशे फूट होत होते. नऊ हजारांचा घट्ट होता. एक भाग औषधात चार भाग पाणी घालायचं होतं, तेव्हा एका कॅनमधून अडीच हजार फूट. आकांक्षाने भागाकार केला आणि डोळे मोठे केले. "पप्पा! स्वस्त तो बारा रुपये फूट आणि महाग तो साडेतीन-चार रुपये!"

विनीतने स्वतः पुन्हा भागाकार केला. मग तिसऱ्यांदा.

"आता काम करतो का ते बघू," मी म्हणाले. आकांक्षाने चौकोनाच्या कोरड्या राहिलेल्या अर्ध्या भागावर चार खाने आखले. एक तसाच ठेवला, एकावर नुसतं पाणी, एकेकावर एकेक प्रोटेक्टर, आणि सगळे वाळू दिले. कुठल्या खान्यावर काय आहे ते तिने आम्हाला सांगितलं नाही. तिचीच युक्ती, मला अभिमान वाटला. संध्याकाळी मीराबाईंनी प्रत्येक खान्यावर बांगड्याच्या कालवणाचा एक एक चमचा ओतला. काही मिनिटांनी फडक्याने टिपलं. दोन खाने पिवळेजर्द झाले. दोन बरेच स्वच्छ निघाले, पण नीट पाहिलं तर हळदीची अंधूक सावली त्यांवरही होती. मग आकांक्षाने फोडून सांगितलं, पिवळे दोन म्हणजे कोरा आणि पाण्याचा, बाकीचे दोन प्रोटेक्टरचे. तशाच दोन खान्यांवर रात्रभर कालवण राहू दिलं असतं, तर काय झालं असतं हे विनीतला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"म्हणजे वर्षभराची हमी कोणीच देऊ शकत नाही," तो म्हणाला.

"कोणीच नाही. मोठी कंपनीसुद्धा नाही."

सोमवारी तो चौकोन घेऊनच तो चौदाव्या मजल्यावर गेला. हितेंद्रना त्याने सांगितलं की डाग पडणारच. हे औषध तुम्हाला पुसायला वेळ देईल, आणि फोन आला की मी त्याच दिवशी येईन. हितेंद्रनी पिवळे खाने बोटाने घासून पाहिले. शेवटी काम मिळालं, पण वर्षाचं नाही, तीन महिन्यांचं, आणि मजल्याच्या अर्ध्या भागाचंच. बाकी अर्धा कंपनीकडे गेला. कंपनीने लेखी हमी दिली होती म्हणे.

हप्ता तेवढ्याने भागत नाही. विनीत आता मनमोहनबरोबर शीवला सोफेही धुतो. सीमा सकाळी दोन घरी स्वयंपाकाला जाते. पुढचे तीन महिने संपल्यावर काय, हे त्यांच्या घरात कोणी बोलत नाही. खोटा आधार सुटला की खरा आधार आपोआप हातात येतो, असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तसं होत नाही. पण ज्या घरात काहीच उरलेलं नाही, त्या घरातलं शेवटचं सोनंही नेणारा माणूस संकटातून सोडवत नाही, तो संकटाचं भाडं घेतो.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढंच लक्षात ठेवा. चमत्कार दाखवणाऱ्याचा गालिचा त्याचा असतो, पाणी त्याचं असतं, डागही त्याचाच असतो. तुमचं म्हणून त्यात एकच असतं, तुमची अडचण. तिच्या बदल्यात काहीही देण्याआधी आपल्या घरचा गालिचा आणा, आपल्या घरचं कालवण आणा, आणि सगळ्यांच्या देखत म्हणा, "आता यावर करून दाखवा."