गार तांब्या आणि पिवळा मका

"देवी येईल तेव्हा येईल, आधी तुमचं कोपर काढा माझ्या बरगडीतून," कानाशी कुणीतरी कुरकुरलं.

कोपर माझंच होतं. पण सरकायला जागा कुठे? कांदिवलीची आमची अख्खी चाळ त्या सकाळी मागच्या मक्याच्या वाफ्याभोवती लोटली होती आणि मधोमध गुणाजी भगत तांब्या धरून बसला होता.

वाफा आमच्या महिला मंडळाचा. एरवी आम्ही पापड लाटतो. पण चौऱ्याऐंशी साली मंडळाच्या प्रमुख सुंदराबाईंच्या भाच्याने अमेरिकेहून गोड मक्याचं बी पाठवलं आणि आम्हा नऊजणींच्या अंगात शेतीचं वारं शिरलं. गॅलरीत, तेलाच्या कापलेल्या डब्यांत रोपं झकास आली. बाहेर लावली आणि चार दिवसांत वाट लागली. पानं पिवळी, टोकं पांढरी, माना खाली.

भगताने नळाचं पाणी घेतलं, मूठभर पांढरी विभूती सोडली आणि ढवळत सूर लावला. "शीतळाई आली गं, हिमालय सोडून कांदिवलीला आली. हात लावा, बायांनो. आत बर्फ आहे? नाही. मग गारवा कुणाचा?"

हात लावला. तांब्या खरंच गारठला होता. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

"माका थोडा तीर्थ दी रे," सुंदराबाई म्हणाल्या.

"प्यायचं नाही. आई कोपते. झाडांना घालायचं, मग आठ दिवस पाण्याचा थेंब नाही. आईचा उपास आहे." मग डोळे मिटून म्हणाला, "एक हात या वाफ्याला बाधलाय. तो पापडालाही नको."

नाव त्याने घेतलं नाही. तरी सगळ्या माना सुगंधाकडे वळल्या. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. पापडांवर तिचं आणि तिच्या लेकीचं पोट.

आठव्या दिवशी निम्म्या रोपांना हिरवीगार पानं फुटली. चाळ नाचायचीच बाकी राहिली. सुगंधा मुकाट्याने मंडळाचं लाटणं परत करून गेली.

मला मात्र ते तीर्थ खटकत होतं. प्यायचं नाही असलं तीर्थ उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारच्या चाळीतल्या दशरथ माळ्याला विचारलं. तो जालन्याकडचा, मक्यातच वाढलेला. ऐकता ऐकता पायरीवर बसून हसायला लागला.

संध्याकाळी भगत मानाचा नारळ न्यायला आला, तेव्हा दशरथ पुडी घेऊन हजर. मी सुगंधाला ओढून आणलं, तांब्या तिच्या हातात दिला.

"टाक आणि ढवळ."

"मी?"

"तूच."

ढवळता ढवळता तिचे डोळे मोठे झाले. "ताई, गार पडतोय."

मग काय, तांब्या हातोहात फिरला. कुणी गालाला लावला, कुणी मानेला. एकीने नवऱ्याच्या उघड्या पाठीला चिकटवला, तो जागच्या जागी उडाला.

"कुठली देवी आणलीस रे, दशरथा?"

"युरिया. खत आहे. विरघळताना पाण्यातली ऊब ओढून घेतं, म्हणून गार. झाडाला दिलं की हिरवं. आणि प्यायलात तर ओकाल."

"युरियातही आईचाच अंश असतो," भगत म्हणाला.

"मग खताच्या दुकानापुढे आरती कर जा," मागून कुणीतरी म्हणालं. भगत नारळ न घेताच गेला.

"पण रोपं मरत कशाने होती?" मी विचारलं.

दशरथने एक पिवळं रोप उपटलं. मुळं काळी, वास मारणारी. "लावलीत कशी?"

"कोकणात लावतो तशी. उपटून, मुळं धुऊन, मुठी बांधून, चिखलात."

"अहो, ती भाताची रीत. मक्याची मुळं हलली की तो रुसतो, पाणी साचलं की कुजतो. त्यात गॅलरीच्या सावलीतून थेट उन्हात, पानं भाजणारच. तो उपास देवीचा कसला? चिखल सुकला, मुळांना श्वास मिळाला. पुढच्या वेळी बी वाफ्यातच टोका. नाहीतर आधी आठवडाभर रोज थोडं ऊन दाखवा आणि मातीच्या गड्ड्यासकट हलवा."

"बायांनो," मी म्हटलं, "रोप उपटून मूळ बघायला किती वेळ लागला? तेवढं आधी बघावं. माणसाला दोष द्यायची घाई कसली?"

सुगंधा तांब्याकडे बघत उभी. शेवटी सुंदराबाईंनी घसा खाकरला.

"चिखल करूक मियाच सांगलंय. लावणी नऊजणींनी केली. भगतान कोणाचा नाव घेतला नव्हता. हिका घोव नाय, म्हणान आमी सगळी हिच्याकडेच बघलंव."