झाकणावरची लाल ओळ

मित्रांनो, मी एक जुनी, पत्र्याची आणि संशयी पेटी आहे. नाक मुरडू नका, संशय घेणे हेच माझे काम होते. पृथ्वी तापवणारे वायू अंतराळातून मोजणारा एक उपग्रह तेव्हा तयार होत होता. त्याचा डोळा आधी विमानाला बांधून तपासायचा ठरला. डोळा वरून जो आकडा सांगेल तो खरा की खोटा, हे मी जमिनीवरची हवा नळीतून ओढून ताडून पाहायचे होते.

त्या डोळ्यावर शास्त्रज्ञ उर्वशीताई चार वर्षे खपल्या होत्या. त्यांनी मला यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीजवळच्या एका वस्तीवर भीमराजकाकांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे केले. कापूस वेचून झाला की उपटलेली पऱ्हाटी तिथे धुऱ्याधुऱ्यावर पेटते. भरपूर धूर मिळणार, म्हणून ही जागा. तलाठ्याने सांगितले म्हणून काकांनी होकार दिला. मी काय मोजणार, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नाही.

ती वर्षे कापसाच्या पडझडीची होती. आज एक पथक पाहणी करून जाई, उद्या दुसरे वही घेऊन येई. मदतीच्या यादीतून कोणाचे नाव का गळले, हे कळत नसे. अशा वस्तीत माझे स्वागत कोण करणार? काकांच्या पत्नी नलूकाकू जाता-येता माझ्याकडे डोळे बारीक करून बघत. मीही त्यांच्याकडे तशीच बघे. ही बाई एक दिवस माझ्यावर दगड घालणार, अशी माझी खात्री होती.

विमान दोनच दिवस मिळाले होते. पहिल्या दिवशी ते आले आणि गेले, पण वस्तीत एक काडी पेटली नाही. चुलीसुद्धा थंड होत्या आणि सगळ्यांनी शिळ्या भाकरी खाल्ल्या. माझा आकडा जागचा हलला नाही. उद्याही असेच झाले, तर ताईंचा डोळा उपग्रहावर बसणार नव्हता. चार वर्षे पाण्यात जाणार होती. ताईंनी घाईघाईने माझी नळी तपासली, तर आतून मूठभर कापूस निघाला.

"हा कोणी कोंबला?"

"म्या," मागे उभ्या नलूकाकू म्हणाल्या. "अन् चुली बी म्याच बंद ठेवाले लावल्या. कोनं जाळलं थे हे पेटी लिवून घेते, मंग यादीतून नाव कापतात. आमाले मालूम नाही काय?"

"काकू, मी बी यवतमाळचीच हाय. इच्यात नाव येतच नाही, फक्त हवा मोजते हे."

"सारे असंच म्हनते."

ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी माझे झाकण उघडले आणि आतली कागदाची पट्टी काकूंच्या हातात दिली. काकू सातवी शिकलेल्या होत्या. त्यांनी एकेका ओळीवरून बोट फिरवले. नुसते आकडे होते. तरी त्यांचे समाधान होईना.

"आज नाही लिवलं. उद्या लिवलं तं? झाकनावर लिवून दे, तुह्या सहीनं."

पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी आणलेला लाल रंग काकूंच्या घरात उरला होता. त्या रंगाने ताईंनी लिहिले: 'ही पेटी कोणाचेही नाव लिहीत नाही. उर्वशी.'

"आता पयली काडी तूच लाव," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी ती लावली. मग धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटी पेटली, विमान वरून गेले, आणि वरचा आकडा माझ्या आकड्याशी जुळला. ताई रडल्या. मलाही भरून आले.

पुढे उपग्रह वर गेला आणि मला सगळे विसरले. माझे स्क्रू गंजले, नळीत गांधीलमाश्यांनी घर केले. पण दर पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून झाली की काकू येत आणि उरल्या रंगाने ती ओळ गिरवत. एकदा भीमराजकाका हसले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ओळ पुसली, का थे लोक नावं लिवाले मोकळे!" दगडाची वाट बघत बसलेल्या मला फार लाज वाटली.

मित्रांनो, आता काकूंना नीट दिसत नाही. यंदा ओळ कोणी गिरवली नाही. उपग्रहाचा डोळा मात्र अजूनही तुमच्या गावावरून जातो, आणि असे वचन लिहायला त्याला झाकण नाही. माझा गंज काढू नका. पोळ्याचा उरलेला रंग तेवढा घेऊन या.