बेकरीवाल्या मावशींचा पाय

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत तिला सगळे चिमणी म्हणायचे. अंगाने ती लहानखुरी मुळीच नव्हती, उलट वरच्या फळीवरचं सामान काढायला सगळे तिलाच हाक मारायचे. नाव पडलं होतं तिच्या कामाच्या तऱ्हेवरून. एक दाणा इथला, एक दाणा तिथला. सकाळी आल्या आल्या कुणाच्या पट्ट्याचं बकल बदलायचं, तेवढ्यात फोन वाजला की तो घ्यायचा, आता फोन हातात आहेच तर बहिणीने पाठवलेला भाच्याचा व्हिडिओ बघायचा, मग चहा, मग दारात कुणी उभं राहिलं की त्याच्या बुटाची टाच तपासायची. संध्याकाळपर्यंत वीसेक कामं हातावेगळी झालेली असत. आपण दिवसभर राबलो असं तिला वाटे, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त त्या विसांत अवघड असं एकही काम नसे.

अवघड काम मागच्या फळीवर होतं, एका जुन्या टॉवेलखाली.

ते काम म्हणजे बेकरीवाल्या मावशींच्या खुंटाचा प्लास्टरचा साचा. मावशी पन्नाशीच्या, जाड आवाजाच्या, हसताना खांदे हलवणाऱ्या. एका अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला होता. उरलेला खुंट वरवर पाहता चांगला बरा झालेला, पण त्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक कोपरा वर आलेला आणि त्यावर नाजूक कातडी. अशा साच्यावर चिमणीने त्यांच्यासाठी सॉकेट केलं होतं, म्हणजे खुंट ज्यात बसतो ती प्लास्टिकची खोल वाटी. कार्यशाळेतल्या आधाराच्या दोन दांड्यांमधून मावशी ते घालून झकास चालल्या. चौथ्या दिवशी त्या कोपऱ्यावर टरटरून फोड आला. चिमणीने तिथे जागा वाढवून दुसरं सॉकेट केलं. पुन्हा फोड, पहिल्याहून मोठा.

तिसऱ्यांदा करायला बसायचं म्हटलं की ती दुसरंच काहीतरी हाती घ्यायची. एवढी बकलं बदलून घेते मग बघू, म्हणता म्हणता बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी दुपारी मावशी स्वतःच आल्या. कुबड्या घेऊन, सात पायऱ्या चढून. धापा टाकत बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "रागवायला नाही हं आले. एकच विचारायचंय. होणार नसेल तर तसं सांग. मग मी उंच स्टूल करून घेते आणि बसून जमेल तेवढं काम करते. रोज सकाळी उठून वाटतं, आज बोलावतील. ते तेवढं वाटायचं थांबलं तरी बरं होईल बघ."

चिमणी कानापर्यंत लाल झाली. तोंडातून निघून गेलं, "नाही नाही, होणार आहे ना मावशी! साचा सुकतोय."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि आल्या तशा एकेक पायरी उतरून गेल्या.

हे सगळं अप्पांनी ऐकलं. अप्पा कार्यशाळेचे प्रमुख, साठी ओलांडलेले, एका कानाने कमी ऐकणारे. पण नको ते त्यांना बरोबर ऐकू जायचं. त्यांनी फळीवरचा टॉवेल उचलला. साचा ठणठणीत कोरडा होता.

"सुकतोय होय?"

चिमणी त्या टॉवेलची घडी घालू लागली.

"भीती कशाची वाटते तुला?"

"तिसऱ्यांदाही चुकलं तर?"

"तर चौथा करू. पण टॉवेलखाली ठेवून तो आपला आपण सुधारायचा नाही, पोरी."

आता चांगली खरडपट्टी निघणार म्हणून ती मनाची तयारी करू लागली. अप्पांनी मात्र आपलं स्टूल ओढत नेलं आणि दाराजवळच्या टेबलाशी मांडलं. म्हणाले, "उद्यापासून नऊ ते अकरा तू आतल्या खोलीत. दार लावून. दुसरं काही नाही, फक्त हे. तुझा फोन माझ्याकडे द्यायचा. इथला फोन, आल्या-गेल्याचं, सगळं मी बघतो."

"अप्पा, तुम्हाला फोनवर ऐकू कुठे येतं?"

"मग तर बरंच. लोक लवकर ठेवतील."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती आत बसली. समोर साचा, बाजूला फसलेली दोन्ही सॉकेटं. पहिली दहा मिनिटं तिला तासासारखी गेली. हात दोनदा खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. बाहेर अप्पांचा आवाज चढला होता: "काय फुटलंय? काच? अहो, मग काचवाल्याकडे जा, आम्ही पाय करतो!" कुणीतरी बिचारा टाच फुटली म्हणून सांगत होता. चिमणीला हसू आवरेना. उठून जावं आणि फोन हातातून घ्यावा असं तिला इतकं वाटलं की तिने स्टुलाची कड धरून ठेवली. पण उठली नाही.

मग बघायला दुसरं काहीच नसल्यामुळे ती सॉकेटांकडे बघू लागली. दोन्ही वेळा फोड एकाच जागी. जागा वाढवल्यावर तो कमी व्हायला हवा होता, तर वाढला. बरं, इथे दांड्यांमधून चालताना मावशींना काडीचाही त्रास झाला नव्हता. जे व्हायचं ते चार दिवसांनी, बेकरीत. तिथे त्या असं काय करतात जे इथे करत नाहीत? तिला माहीत नव्हतं. दोन सॉकेटं करून झाली होती आणि तिने हे एकदाही विचारलं नव्हतं.

विचारायचं म्हणजे फोन करायचा, आणि फोन करायचा म्हणजे कालचं खोटं कबूल करायचं. ते तिने त्या दिवशी टाळलं. रात्रभर मनाला लागून राहिलं, म्हणून दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला, आत जाऊन बसायच्याही आधी, तिने अप्पांसमोरचा फोन उचलला.

"मावशी, साचा सुकत वगैरे नव्हता. मी त्याला हातच लावला नव्हता. भीती वाटत होती."

पलीकडून मग मावशींचं ते जाड हसू. "अगं, बारा दिवसांत वीटसुद्धा सुकते! मला कळलंच होतं. पण पायऱ्या उतरताना मनात आलं, खोटं बोलताना एवढी लाल होतेय म्हणजे पोरगी वाईट नाही. बोल, कधी येऊ?"

"उद्या, नऊला," चिमणी म्हणाली. अप्पा मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले.

तिसऱ्या दिवशी नऊ वाजता मावशी हजर झाल्या. चिमणीने पारदर्शक प्लास्टिकचं तपासणीचं सॉकेट करून ठेवलं होतं; त्यातून आतली कातडी दिसते आणि जिथे जास्त दाब येतो तिथे ती पांढरी पडते. तिने मावशींना दांड्यांमध्ये न नेता टेबलासमोर उभं केलं. "इथे तुमची बेकरी आहे असं समजा. रोज करता ते करून दाखवा."

मावशींनी पीठ मळायचा आव आणला. चिमणी जमिनीवर बसून सॉकेटमध्ये बघत होती. काही नाही. मग मावशींनी कणकेचे गोळे लावलेला ट्रे उचलल्यासारखं केलं आणि पाय जागचा न हलवता कमरेतून उजवीकडे वळल्या. "इकडे आमची भट्टी."

हाडाच्या कोपऱ्यावरची कातडी कागदासारखी पांढरी झाली.

"पुन्हा वळा!"

पुन्हा पांढरी. आणि आता चिमणीला नीट दिसलं की वळताना खुंट आतल्या आत फिरतोय आणि कोपरा कडेला घासतोय. वाटी घट्ट नव्हतीच, वरच्या बाजूला ढिली होती. चिमणीने मात्र दुसऱ्या वेळी उलट आणखी जागा करून ठेवली होती.

"दिवसातून किती वेळा वळता असं?"

"मोजलंय कुणी? दोनशे वेळा तरी."

चिमणीने कपाळावर हात मारून घेतला आणि हसत सुटली. काही न कळता मावशीही हसल्या, खांदे हलवत.

पुढच्या सहा सकाळी तिने त्या एका कामाला दिल्या. वाटी वर घट्ट बसावी म्हणून साच्याला वरून कानस मारायची, तपासायची, पुन्हा मारायची. चौथ्या दिवशी एक कड जास्तच गेली आणि प्लास्टर भरून तो भाग पहिल्यापासून करावा लागला. पण गंमत म्हणजे अकरा वाजता बाहेर आल्यावर बकलं आणि पट्टे ती भराभर उरकायची. डोक्यावरचं ओझं उतरलेलं असायचं, आणि घरी जाताना भाच्याचा व्हिडिओ अपराधी न वाटता बघता यायचा.

नवा पाय घेऊन मावशी गेल्या. चौथा दिवस आला. फोन वाजला की चिमणी हातातलं टाकून तो घ्यायला धावायची. पाचवा, सहावा. दहाव्या दिवशी सकाळी पायऱ्यांवर पावलं वाजली. कुबड्यांची ठकठक नव्हती, नुसती पावलं, एक जड आणि एक हलकं. मावशी आत आल्या. त्यांनी पाय काढला आणि खुंट दाखवला. कातडी स्वच्छ होती. चिमणीने त्या कोपऱ्यावरून हलकेच अंगठा फिरवला, दोनदा, खात्री पटेपर्यंत.

पाय पुन्हा चढवून मावशी उभ्या राहिल्या. चिमणीने खुर्ची पुढे केली. "बसा ना मावशी, चहा आणते."

"बसू कशाला? सहा महिने बसलेच होते की!" त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. पिठात आयुष्य गेलेले ते हात मऊ होते, पण पकड चांगली दणकट. "पोरी, काल मी पहाटेपासून उभी होते. उभी! नवरा सारखा म्हणतोय, बस जरा, बस जरा. त्याला म्हटलं, तूच बस आता."

चिमणीला खूप काही बोलायचं होतं. त्या दिवशी मावशी पायऱ्या चढून आल्या नसत्या, किंवा चार शिव्या घालून निघून गेल्या असत्या, तर तो साचा अजूनही टॉवेलखाली असता. तोंडातून एवढंच निघालं, "मावशी, तुम्ही विचारायला आलात त्याबद्दल."

"त्याबद्दल काय?"

"त्याबद्दल... उपकार झाले तुमचे."

"चल, काहीतरीच!" म्हणत मावशींनी तिच्या गालावर चापट मारली. भट्टीवर नवऱ्याला एकट्याला ठेवून आल्या होत्या, त्यामुळे लगेच निघाल्या.

मावशी रस्त्याच्या वळणापर्यंत जाईतो चिमणी दारात उभी होती. मग ती अप्पांकडे वळली. दाराजवळच्या त्या टेबलाशी बसून ते कुठल्याशा पट्ट्यात बकल घालत होते. गेले तीन आठवडे तिची सगळी बारीकसारीक कामं त्यांनी केली होती आणि त्याबद्दल एका शब्दानेही बोलले नव्हते. ती जवळ गेली, त्यांच्या हातातला पट्टा काढून घेतला आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

"अगं अगं, हे काय?" अप्पा गडबडले. डोळे पुसायला चष्मा काढावा लागला, म्हणून उगाच काचा पुसत राहिले. "जा आत. नऊ वाजून गेलेत. एका कोळ्याच्या गुडघ्याचं काम आलंय, अवघड आहे."

"हो," चिमणी म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.