एकच टप

"सुयोग, सांगा. बाराव्या प्रश्नाचं उत्तर?" शर्मिष्ठा मॅडमनी रेकॉर्डिंग थांबवून विचारलं.

सुयोग परबने पेन्सिल खाली ठेवली. "मॅडम, ते दोघं बोलतायत ना, त्यांच्या मागे पंखा चाललाय. त्याचं बेअरिंग गेलंय."

वर्गातली वीस-बावीस पोरं खो खो हसली. घाटकोपरच्या त्या क्लासमध्ये चाळिशीला टेकलेला तो एकटाच होता. मॅडमही हसल्या, पण मग त्याच्या बाकाजवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "ते आवाज मुद्दाम घातलेले असतात हो. गाड्यांचे, कपबशांचे, पंख्यांचे. ते सोडून द्यायचे आणि शब्द पकडायचे. एवढं जमलं की झालं."

एवढं जमलं की! सुयोगचा अठरा वर्षांचा धंदा बरोबर याच्या उलट होता. तो लिफ्टचा मेकॅनिक. सोसायटीचे लोक तोंडाला येईल ते बोलत. लिफ्ट हलते, लिफ्ट अडकते, तुमची कंपनीच चोर. ते शब्द सोडून द्यायचे आणि आवाज पकडायचा, हे त्याला लवूकाकांनी शिकवलं होतं. लवूकाका त्याचे पहिले मिस्त्री. ते डोळे मिटून लिफ्टमध्ये उभे राहायचे आणि बोट वर करून सांगायचे की लिफ्टची गाडी थांबली की वरून एकच टप यायला हवा, ब्रेक बसल्याचा. त्या टपच्या मागून दुसरं काहीही आलं, तर आधी माणसं बाहेर काढायची, मग बाकीचं बघायचं.

पण आता प्रश्न टोरांटोचा होता. बायकोचा, जान्हवीचा भाऊ नितेश तिकडे होता आणि त्याच्या ओळखीने एका लिफ्ट कंपनीने सुयोगला नोकरी देऊ केली होती. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. ती त्याने दोनदा दिली होती. वाचणं, लिहिणं, बोलणं दोन्ही वेळेला पार पडलं आणि दोन्ही वेळेला गाडं ऐकण्यावर अडलं. ज्या माणसाला आख्खी कंपनी 'कान' म्हणायची, तो ऐकण्यात नापास! कंपनी जूनअखेरपर्यंत थांबणार होती आणि त्याआधीची एकच तारीख मिळाली होती. जान्हवीने मुलीच्या, गार्गीच्या नव्या शाळेचा फॉर्म आणलाच नव्हता, आणि घरातलं लाकडी कपाट शेजारच्यांना देऊनही टाकलं होतं. कपडे तेव्हापासून खोक्यांत होते.

"ह्या वेळेला नाही झालं, तर आपली वाट लागली, सुयोग," ती म्हणाली होती. चिडून नाही, अगदी साधेपणाने म्हणाली आणि म्हणूनच ते त्याला लागलं.

मग त्याने हट्टच धरला. विक्रोळीच्या घरून निघताना कानात इअरफोन घालायचे ते साईटवर पोचेपर्यंत. जेवताना तेच, आंघोळीला जातानाही तेच. आणि हळूहळू आवाज गळायला लागले. आधी रस्त्याचे, मग पंख्याचे. एके दिवशी कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या आणि त्याला पत्ताही लागला नाही. भात करपला, तरी जान्हवी खूश. "झकास! म्हणजे जमतंय तुला."

जमत होतं. चाळीसपैकी अठराचे सव्वीस झाले, सव्वीसचे एकतीस.

आणि मग मुलुंडला एका इमारतीत काम करताना त्याचा जोडीदार माणिक याने त्याचा दंड धरला. "काय रे, झोपलायस काय? गेटचं लॉक केवढं कडकडतंय! मला बहिऱ्याला ऐकू येतं आणि तुला नाही?"

सुयोगच्या कानात त्या वेळी इअरफोन नव्हते. त्याने लॉक दुरुस्त केलं. अठरा वर्षं ज्याच्यावर पोट भरलं, तेच आपण गेले दोन महिने झटून पुसून टाकतोय, असं त्याच्या मनात आलं आणि जाईना.

परतताना तो लवूकाकांकडे गेला. चाळीतली तळमजल्याची खोली, दारात खुर्ची, खुर्चीला टेकवलेली कुबडी. काकांचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही.

"काय आयकतंस रे ता?" काकांनी विचारलं.

"इंग्लिश, काका. परीक्षा आहे ना."

काकांनी एक इअरफोन मागून घेतला, कानाशी धरला, डोळे मिटले. थोड्या वेळाने परत दिला. "बाई बरी बोलता. पण घाई हा तिका."

सुयोग हसला. काकांनी नेहमीसारखा पाय चोळला, नसलेल्या भागाच्या वरचा, आणि नेहमीचंच वाक्य म्हणाले. "त्या दिसा ब्रेकान कायच सांगल्यान नाय, बघ. नायतर मी पाय टाकतंय?"

हे वाक्य सुयोग आठ वर्षं ऐकत आला होता. आठ वर्षं खाली मान घालून. कारण ब्रेकने सांगितलं होतं. घाटकोपरच्या त्या सात मजली इमारतीत सकाळी सुयोग एकटाच वर गेला होता आणि त्याने टप ऐकला होता आणि टपच्या मागून बारीकसा सर्र. त्या दिवशी अजून तीन साईट व्हायच्या होत्या. पुढच्या सर्व्हिसला बघू, असं त्याने स्वतःलाच सांगितलं. दुपारी काका गाडीतून बाहेर पडत होते, दार उघडं, एक पाय बाहेर, एक आत, आणि गाडी सरकली. पुन्हा कधी कानाडोळा करायचा नाही, असा सुयोगने कानाला खडा लावला. पण सकाळी आपण ऐकलं होतं, हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. जान्हवीलाही नाही.

परीक्षा शनिवारी सकाळी होती, अंधेरी पूर्वेला एका जुन्या व्यापारी इमारतीत. पाच मजले, जाळीच्या दाराची लिफ्ट, परीक्षेचा हॉल सगळ्यात वर. सुयोग चौघांबरोबर आत शिरला. कुणी बोलत नव्हतं, सगळ्यांचे ओठ आपापल्या इंग्रजीत हलत होते. पाचव्यावर गाडी थांबली.

टप. आणि मागून सर्र.

गाडी मजल्याच्या बोटभर खाली होती. पुढची मुलगी अडखळली, "सॉरी" म्हणाली आणि गेली. सॉरी कुणाला म्हणाली, देव जाणे. सुयोग जिन्याने पाच मजले उतरून खाली वॉचमनकडे गेला.

"ही लिफ्ट बंद कर. ब्रेक धरत नाहीये."

"चार साल से ऐसाइच है, साब," वॉचमन खुर्चीतून न उठता म्हणाला. "आप लिफ्टवाले हो, के परीक्षावाले?"

सुयोगने घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं उरली होती. खोक्यांतले कपडे त्याच्या डोळ्यांसमोर आले. "परीक्षावाला," तो म्हणाला आणि जिना चढायला लागला. चढताना त्याला स्वतःचीच शिसारी आली, पण पाय थांबले नाहीत.

छातीवर नंबर चिकटवला गेला. मोबाईल पिशवीत घालून टेबलावर जमा झाला. हातात एक पेन्सिल मिळाली. रेकॉर्डिंग एकदाच ऐकवलं जाईल, असं भिंतीवरच्या स्पीकरने सांगितलं आणि सुरू झालं. एक बाई कुठल्याशा वाचनालयात नाव नोंदवत होती. पहिल्या भागातली दहाच्या दहा उत्तरं सुयोगला आली. आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येक शब्द स्वच्छ त्याच्यापर्यंत आला. जमलं, त्याला वाटलं, ह्या वेळेला जमलं!

आणि दोन भागांमधल्या शांततेत डोक्यावरून आवाज आला. टप. सर्रर्र.

लिफ्टची मशीनरूम बरोबर वर, गच्चीवर होती. दुसरा भाग सुरू झाला, कुणीतरी बागेची माहिती सांगू लागलं. सोडून द्या, सोडून द्या, मॅडम म्हणाल्या होत्या. त्याने सोडून दिलं. अकरा लिहिलं, बारा लिहिलं. आजूबाजूला चाळीस डोकी खाली होती आणि कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. तेराव्याच्या वेळी लिफ्ट पुन्हा थांबली. ह्या वेळी सर्र लांबलं. एक पाय बाहेर टाकून माणूस दुसरा उचलतो, तेवढं लांब.

सुयोगने हात वर केला. पर्यवेक्षक बाई लगबगीने आल्या.

"मॅडम, लिफ्ट थांबवायला सांगा. माणूस मरेल."

"सर, रेकॉर्डिंग चालू आहे. परीक्षा झाल्यावर बोलू ना, प्लीज."

तो उभा राहिला.

"बाहेर गेलात तर परत येता येणार नाही," बाई कुजबुजल्या. त्यांचा आवाज खरंच कळवळ्याचा होता. "रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही हो."

"माहीत आहे," सुयोग म्हणाला.

गच्चीचं दार उघडं होतं. मशीनरूमच्या कडीला कुलूप नव्हतं, नुसती तार गुंडाळलेली. आत शिरताच जळक्या ब्रेकचा वास नाकात गेला. गिअरचं तेल गळून ब्रेकच्या ड्रमवर पसरलं होतं. ड्रम चकाकत होता. मशीन चालू होतं. गाडी वर येत होती आणि मोटरच्या आवाजावरूनच त्याला कळलं, की भरलेली आहे. आता वीज तोडली असती, तर तो ब्रेक बसला असता आणि धरला नसता. त्याने काहीही केलं नाही. दोन्ही हात मोटरच्या हातचाकापाशी नेऊन ठेवले आणि वाट पाहिली.

टप.

ब्रेक बसला आणि ड्रम थांबला नाही. शांतपणे, जराही घाई न करता, उलटा फिरायला लागला. खालून जाळी उघडल्याचा खडखडाट आला. सुयोगने हातचाक धरलं. अंगातलं सगळं बळ मनगटांत आणलं. चाक तळव्यांत सरकलं, कातडं सोललं, आणि थांबलं.

खालून आवाज येत होते. "अरे, केवढी पायरी झालीये!" "जपून गं, मावशी." "आला का पाचवा?" कुणीतरी हसलं. एक, दोन, तीन. पावलं मोजत तो उभा राहिला. सहाव्या माणसाने इतका वेळ घेतला, की सुयोगच्या तोंडून शिवी गेली. मग जाळी लागली आणि बोलणं लांब गेलं. त्याने एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने मेन स्विच खाली ओढला. दोराच्या दुसऱ्या टोकाच्या वजनाने रिकामी गाडी आपली आपण वर ओढ घेणार, आणि वर आता जागाच नव्हती. तेव्हा कुठे त्याने चाक सोडलं.

तो खाली पाचव्यावर आला. खिशातून हॉल तिकीट काढलं, त्याच्या मागच्या बाजूला परीक्षेच्या पेन्सिलीने ठळक लिहिलं, 'लिफ्ट बंद आहे. चढू नये.' कागद जाळीत खोचला. बाहेरच्या टेबलावरून आपला मोबाईल मागून घेतला. जान्हवीचा मेसेज होता, 'झालं की फोन कर.' तो त्याने नुसता वाचला. लिफ्टच्या कंपनीचा नंबर जाळीवरच्या पाटीवर होता, तिथे फोन केला. तासाभरात माणूस पाठवतो म्हणाले. मग त्याने लवूकाकांना लावला.

"कसो गेलो रे पेपर?"

"काका," सुयोग म्हणाला. "घाटकोपरला, त्या दिवशी... मी सकाळीच ऐकलं होतं. सर्र. बोललो नाही."

पलीकडून चाळीतला नळ वाहत असल्याचा आवाज त्याला येत होता.

"आणि आज?" काकांनी विचारलं.

"आज आहे इथे. ब्रेक गेलाय. बंद केलीये मी."

"परीक्षा?"

"आत चालू आहे."

खुर्ची करकरली. "मगे थयच बसान रव," काका म्हणाले. "दुसरो मिस्त्री येयसर उठा नको." आणि फोन ठेवला.

सुयोग जाळीला पाठ लावून बसला. खालून वॉचमन ओरडत होता, लिफ्ट कुणी बंद केली म्हणून. पाऊण तासाने हॉलचं दार उघडलं आणि छातीवर नंबर लावलेली मुलं पाय मोकळे करायला बाहेर आली. त्यांनी कागद वाचला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्याच्या पायांना वळसा घालून जिन्याकडे गेली.